डाव्या चाकाची टकटक

१

सहदेव सरकटेचा फायदा कशात होता, ते आधी मोजून घेऊ. हिवरा आश्रमाकडच्या एका शाळेची पिवळी बस. खाकी वर्दी, खिशावर नाव. सकाळी सातला निघायचं, दुपारी लिंबाखाली झोपायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. आणि बायकोला माहेरी सांगायला एक वाक्य : "हे शायेत हायेत." वीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या हाकलेल्या माणसाला याहून जास्त काही लागत नाही. फक्त एक कागद कमी होता. जुन्या मालकाचं पत्र, की माणूस इमानदार आहे.

आणि जुना मालक म्हणत होता, माणूस चोर आहे.

मालक म्हणजे धम्मरत्न गवई. पुण्यात इंजिनिअर, जयंतीसाठी दोन दिवस गावी आलेला. जयंतीचे निळे झेंडे अजून विजेच्या खांबांवर फडफडत होते, आणि तो सकाळी नऊलाच पांढरी गाडी घेऊन डोणगावला फकीर मोहम्मद मिस्त्रीच्या गॅरेजवर हजर. सहदेव मागच्या सीटवर, मान खाली घालून.

"जय भीम, चाचा."

"जय भीम बेटा. काय म्हणते गाडी?"

"वळताना वाजते. आणि हे बघा." धम्मरत्ननं एक वही बॉनेटवर आपटली. "गाडी आईसाठी ठेवलीय. मंगळवार-शुक्रवार हा येतो, तिला दवाखान्यात नेतो, विहारात नेतो. प्रत्येक फेरी वहीत लिहायची, असं ठरलंय. वही आणि मीटर यात अडतीस किलोमीटरचा फरक आहे. मेहकरची एक फेरी आणि वर थोडं. सवाऱ्या मारल्यात यानं. माणसं कोंबून कोंबून एक्सल घालवला."

"असं तुले कोणं सांगतलं?"

"शेजारचे भगवानराव बोलले. दुपारच्या वेळी गाडीचा आवाज येतो म्हणाले, सहदेवचा दिवस नसताना. आई तर गाडी चालवत नाही, आणि तिला विचारलं तर ती यालाच पाठीशी घालेल. मग कोण? तुम्ही फक्त लिहून द्या चाचा, ओव्हरलोडनं झालंय म्हणून. उद्या पुण्याला निघायच्या आधी मी शाळेला कळवतो."

बोलता बोलता त्यानं डिकी उघडली. आत पाच लिटरचा तेलाचा डबा होता, तोंडाला फडकं बांधलेला. तो सांडू नये म्हणून त्यानं उचलून बाजूला ठेवला. "करडीचं आहे. आई दर वर्षी माझ्यासाठी कलीमच्या घाणीवरून विकत आणून ठेवते. शेती मी बंदच केली तिची. दोन एकर भगवानराव बटईनं, निम्म्या वाट्यानं करतात, एक एकराचा पट्टा पडीक आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हाच सांगितलं, पुन्हा शेतात पाय ठेवलास तर जमीन विकीन आणि तुला पुण्याला नेईन."

फकीर मोहम्मदनं वही मिटून परत दिली. साठी ओलांडलेला माणूस. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, पोरगी सायरा भुसावळला दिलेली. गॅरेजच्या मागच्या खोलीत तो एकटा राहायचा आणि दिवसभर लोकांच्या गाड्यांशी बोलायचा. गाड्या खोटं बोलत नाहीत, असं त्याचं म्हणणं. माणसांबद्दल तो काही म्हणत नसे; ते न म्हणताच कळायचं.

"संध्याकाळी पाचले ये," तो म्हणाला. "आधी गाडीले विचारू दे."

२

बाजारतळ रिकामा होता. मिस्त्री स्टेअरिंगवर, धम्मरत्न शेजारी.

सरळ चालवली, गाडी गप्प. वेग वाढवला, तरी गप्प. म्हणजे चाकाचं बेरिंग नव्हे. बेरिंग भुंग्यासारखं घुमतं, आणि सरळ रस्त्यालाही घुमतं. खड्ड्यात घातली, तरी काही नाही. डावीकडं वळवली, एखाददुसरी टक. मग उजवीकडं पूर्ण स्टेअरिंग फिरवून थोडा एक्सिलेटर दिला, आणि डाव्या चाकाखालून सुरू झालं : टक-टक-टक-टक. जणू कुणी अडकित्त्यानं सुपारी फोडतंय.

"उजवीकडं वयताना बाहेरचं चाक कोणतं?" मिस्त्रीनं विचारलं.

"डावं."

"लांबचा फेरा त्याले. जोरही त्याच्यावरच. चाल, खोलून पाहू."

गॅरेजवर त्यानं जॅक लावला, डावं चाक काढलं. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा, शाफ्ट, त्याच्या टोकाला एक सांधा असतो. आत लोखंडी गोळ्या, भरपूर ग्रीस आणि वरून रबराची घड्याघड्यांची टोपी. मिस्त्री लोक तिला बूट म्हणतात. बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि माती आत, आणि मग गोळ्या आपली घरं खात सुटतात. इथं बूट फाटला होता. चाकाच्या आतल्या अंगाला काळ्या ग्रीसचे फराटे उडाले होते. टायरचीही बाहेरची कड तेवढीच घासलेली.

मग त्यानं उजवं चाक काढलं. बूट शाबूत. फडक्यानं धूळ पुसली तर चकचकीत.

"पाह्य बेटा. सवाऱ्या भरल्या असत्या तं दोन्ही बाजू गेल्या असत्या. हा काय सगळ्या सवाऱ्या डावीकडंच बसवते का बे?"

धम्मरत्नला हसू आलं नाही. "मग?"

"ही गाडी गोल फिरली. उजव्या अंगानं, पैल्या गियरात, स्टेअरिंग पूर्ण फिरवून. दोन-चार फेरे नाही, शेकड्यानं. अडतीस किलोमीटर चालली, आन् गेली कुठंच नाही."

 इंजिनिअरचे डोळे बारीक झाले. "म्हणजे ड्रायव्हिंगचा क्लास! माझ्या गाडीवर कोणाला तरी शिकवत होता हा. पैसे घेऊन. कोणाला? नाव पाहिजे मला, चाचा. पाचपर्यंत नाव नाही मिळालं तर मी माझं लिहून मोकळा."

तो रिक्षानं गावाकडं गेला. मिस्त्रीनं फाटलेल्या बुटातलं ग्रीस बोटावर घेऊन उन्हात धरलं. मातीबरोबर त्यात बारीक पिवळं कुटार, पिकाचा भुसा होता. आणि रबराच्या चिरेत आडवं रुतलेलं काहीतरी. चिमट्यानं ओढलं.

काटा होता. वाळका, फिका, सुईच्या टोकाचा. बाभळीचा नव्हे, बोरीचा नव्हे. फकीर मोहम्मदनं तो कागदात गुंडाळून खिशात टाकला. हा काटा रस्त्यावर मिळत नाही. हा पेरावा लागतो.

३

"सहदेव, इकडं ये."

सहदेव आला. साडेपाच फुटांचा माणूस त्या दिवशी चार फुटांचा दिसत होता.

मिस्त्रीनं त्याला गॅरेजसमोर उभ्या असलेल्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या गाडीत बसवलं. "बाजारतळावर गोल फेरे मार. मी थांब म्हणीन तवा थांब."

सहदेवनं काही न विचारता फेरे मारले. तीन उजवे मारले आणि चौथ्याला हात आपोआप डावीकडं वळला. पुन्हा तीन, पुन्हा उलट. स्टेअरिंगही कधी टोकापर्यंत फिरवलं नाही. थोडी जागा राखून. ड्रायव्हरचा हात असाच असतो, त्याला कुणी सांगावं लागत नाही.

"उतर. आता सांग, ही टकटक कवापासून?"

"होयीच्या आठ दिवस आधीपासून."

"होयीले महिना होऊन गेला. मले काऊन नाही सांगतलं? तू तं वायपरचं रबर घासलं तरी पयत येतं."

सहदेव बाजारतळाकडं बघत राहिला. तिथं एक कुत्रं सावली शोधत होतं.

"धम्मरत्न म्हणते तू क्लास चालवत होता. पैसे घेऊन."

"पैसे?" सहदेव एकदम वळला.  मग आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "चाचा, तुम्ही ओव्हरलोड लिहून द्या."

"काय?"

"लिहून द्या, सवाऱ्या मारल्या म्हणून. बस जाईन तं जाईन. म्या हात जोडतो, पर याच्याहून जास्त खोदू नका."

चाळीस वर्षांत फकीर मोहम्मदकडं हजार माणसं आली होती. आपली चूक नाही, हे लिहून मागायला. आपली नसलेली चूक आपल्या नावावर लिहून मागणारा हा पहिलाच.

४

बारा वाजता भगवानराव आले. काम नव्हतं, ट्रॅक्टर उगाच दारात उभा केला. धम्मरत्नच्या आईचे, जनकाबाईंचे शेजारी, त्यांच्या दोन एकरांचे बटईदार, गावातल्या एकुलत्या एक थ्रेशरचे, मळणीयंत्राचे मालक. यांचा फायदा मोजायला फार वेळ लागत नाही : तिसरा एकर. म्हातारी पुण्याला गेली की सगळी जमीन त्यांचीच, कागदावर नसली तरी.

"मग मिस्त्री, सापडला का चोर?"

"सापडन. तुम्ही आवाज आयकला म्हणे."

"हाव ना. दुपारी, उन्हाच्या. घर्र-घर्र, तासन् तास. म्हटलं कोन हाय बावा. पर आपल्याले कायले पाह्याचं दुसऱ्याच्या आंगणात?"

"आंगणात?" मिस्त्रीनं पाना खाली ठेवला. "रस्त्यावर नाही?"

भगवानराव खोकले. "आंगणातच म्हनायचं. आता ते सहदेवचं सहदेवले मालूम."

"तो पडीक पट्टा. औंदा तिथं काय होतं?"

"पडीकमधी काय राह्यते? गवत."

"तुमच्या मशीनवर औंदा करडी काढली का कोनाची?"

"करडी?" ते हसले. "मिस्त्री, ते काटे धरते कोण? माणूस हात लावत नाही. आन् दीड पोत्यासाठी मशीन हालवतो का म्या? म्या तं तोंडावर सांगतलं..."

आणि ते थांबले. दीड पोतं हा आकडा त्यांच्या तोंडून निघून गेला होता. त्यांनी ट्रॅक्टर चालू केला आणि निघून गेले.

मिस्त्रीनं चार दुकानं पलीकडच्या घाणीवर जाऊन विचारलं. कलीम पेंड भरत होता.

"कलीम, गवईच्या जनकाबाई तुह्याकडून किती तेल नेते?"

"पाच लिटर, चाचा. जास्तीचं मलेच ठेवून घे म्हणते."

"विकत?"

"विकत कायचं? बी घेऊन येते, म्या पेरून देतो..." तो हसला. "पेरून नाही, पिळून. पोराले सांगू नको म्हणे. मले काय, मी तेलवाला. कोणाचं बी, कोणाचं तेल, घाणीले काय करायचं?"

फकीर मोहम्मदनं मोटरसायकल काढली. नाव त्याला कळलं होतं. आता प्रश्न एवढाच होता, की ते आपल्या तोंडानं सांगायचं का.

५

जनकाबाई ओसरीवर बसल्या होत्या. धम्मरत्न विहारात बैठकीला गेलेला.

"या फकीरभाई. हे गेल्यापासून तुमी आलेच नाही."

"गाडी बिघडली म्हणून आलो वहिनी."

"मंग बरं झालं बिघडली," त्या म्हणाल्या आणि चहाला उठल्या.

मिस्त्री अंगण पाहत राहिला. टिनाच्या शेडमध्ये गाडीची रिकामी जागा. शेडसमोर मोकळी जमीन, आणि तिच्या डाव्या अंगाला विहीर, कठडा गुडघाभर. मधोमध ताजं सारवण. घरासमोर हातभर सारवतात. हे मोठं होतं, गोल, दहा-अकरा हात नव्हे, वीस-बावीस हातांचं. सारवणाखालून चाकांचा खोल वर्तुळ-चर तरीही दिसत होता.

त्यांनी कप पुढं केला. तळहातावर, बोटांच्या पेरांवर बारीक काळे ठिपके. आत मोडून राहिलेले काटे. पोरगा दोन दिवस या हातचं जेवत होता.

मिस्त्रीनं खिशातला कागद उलगडून काटा बशीत ठेवला.

जनकाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. नाही म्हणाल्या नाहीत.

"हे होते तवर यायनं दर वर्षी लावली करडी, पट्ट्याच्या कडंनं. जनावर शिरत नाही म्हणून. धम्माले तेच तेल लागते. पेरलं म्हटलं असतं तं जमीन विकली असती त्यानं, म्हणून विकतचं सांगतलं."

"आन् मयणी?"

"भगवानरावले म्हटलं मशीन लाव. नाही म्हणे. बैल तं गावात राह्यलेच नाहीत. मंग म्हटलं, चार चाकं घरी उभी हायेत. करडी पसरली, गाडी फिरवली. उतरायचं, काडी फिरवायची, परत बसायचं."

"चालवाले शिकवलं कोणं?"

"सहदेवनं. म्याच त्याच्या मांगं लागली. एकटी राह्यते, कधी छातीत दुखलं तं कोणाले बलावू? त्यानं पैला गियर शिकवला आन् उजवीकडं वयवाचं. डाव्या हाताले विहीर हाय. तो म्हणे, माय, तिकडं पाहाचंबी नाही. नाही पाह्यलं मी."

तर एवढंच होतं. वीस वर्षांच्या अनुभवी ड्रायव्हरनं म्हातारीचा जीव वाचावा म्हणून अर्धंच शिकवलं, आणि त्या अर्ध्या शिकवणीनं गाडीचा अर्धा भाग खाल्ला. काट्यानं बूट फाटला, त्याच अंगानं गाडी फिरत राहिली, फुफाटा आत गेला.

पण मिस्त्रीचा हिशेब अजून जुळत नव्हता.

"वहिनी, दीड पोतं कितीक वेळात झालं?"

"दोन दुपारी."

"लय झालं तं सात किलोमीटर. मीटर अडतीस सांगते."

 विहिरीच्या कठड्यावर एक कावळा येऊन बसला, उडून गेला.

"मयणी झाली तरी मी फिरवली. रोज थोडी. गाडी चालू केली की घरात आवाज होते, फकीरभाई. मंग ती टकटक सुरू झाली, भेव वाटलं, बंद केली."

फकीर मोहम्मदनं कप खाली ठेवला. गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी तो स्वतः एखादं इंजिन उगाच चालू ठेवायचा. हे त्यानं सायरालाही कधी सांगितलं नव्हतं.

"धम्माले सांगू नका. मले पुण्याले नेते. तिसऱ्या माळ्यावर. तिथं मी करू काय?"

"नाही सांगतलं तं सहदेवची बस जाते."

"कोणती बस?"

म्हणजे सहदेव त्यांना काही बोलला नव्हता. मिस्त्रीनं शाळेची नोकरी सांगितली, पत्र सांगितलं, सवाऱ्यांचा आरोप सांगितला, आणि सहदेवनं हात जोडून काय मागितलं तेही सांगितलं. जनकाबाईंनी बशीतला काटा उचलला, बोटांत फिरवला, आणि घरात गेल्या.

६

पाच वाजता गॅरेजवर धम्मरत्न आला. सहदेव खांबाला टेकून उभा होता. भगवानरावांना पुन्हा काही काम नव्हतं, तेही होतेच.

"नाव?" धम्मरत्न म्हणाला.

मिस्त्रीनं जुना शाफ्ट दोघांच्या मधे ठेवला. "आधी आयक. डावा सांधा गेला, उजवा नाही. म्हणजे गाडी एकाच अंगानं फिरली. सहदेव फिरवते तं अंग बदलते, म्या त्याले पारखून पाह्यलं. म्हणजे स्टेअरिंगवर तो नव्हता. ग्रीसमधी करडीचा काटा आन् कुटार निंगालं, म्हणजे गाडी खयावर फिरली. करडीची मयणी. मशीनवाल्यानं नाही म्हटलं म्हणून." भगवानरावांनी टोपी सारखी केली. "आता औंदा करडी कोणं पेरली..."

तो थांबला. चाळीस वर्षं ज्या तोंडानं गाड्यांचे आजार सांगितले, ते तोंड उघडेना.

दारात रिक्षा थांबली. जनकाबाई उतरल्या, पांढरं लुगडं, डोळ्यांवर काळा चष्मा.

"म्या पेरली," त्या म्हणाल्या. "गाडी म्याच चालवली. याचा काही कसूर नाही. शिकव म्हणूनबी म्याच म्हटलं."

"तू? आई, तू गाडी..." धम्मरत्नचा पुण्याचा सूर एका क्षणात उतरला. "तुले दिसते तरी का? विहिरीत गेली असती तं?"

"उजवीकडंच वयवली ना बावा."

 इंजिनिअर खाली शाफ्टकडं पाहत होता, आणि त्याचं डोकं सवयीनं आकडे लावत होतं. "दीड पोत्याला अडतीस किलोमीटर?"

"सात खयाचे," जनकाबाई म्हणाल्या. "बाकीचे माहे."

"तुझे म्हणजे?"

"दुपार जात नव्हती."

 धम्मरत्ननं बॉनेटवर कागद ठेवून पत्र लिहिलं, पूर्ण पानभर, सही केली, आणि सहदेवच्या हातात दिलं. "माफ कर," म्हणाला. सहदेवनं पत्र घेतलं, पण डोळे जनकाबाईंवरच.

"आई, उद्या माझ्याबरोबर चल."

तो रागावला असता तर भांडता आलं असतं. तो रागावला नव्हता. त्याचे डोळे भरले होते, आणि त्यापुढं जनकाबाईंकडं काही शिल्लक नव्हतं.

"हाव," त्या म्हणाल्या. "चालते."

"जमिनीची फिकीर करू नका साहेब," भगवानराव लगेच बोलले. "पट्टाबी म्या पाहून घेतो."

आता हिशेब. सहदेवला बस मिळाली. भगवानरावांना तिसरा एकर मिळाला. जे मशीन त्यांनी दिलं नाही त्याचं भाडंच म्हणा ना. धम्मरत्नला आई मिळाली, डोळ्यांसमोर, आणि शांत झोप. फकीर मोहम्मदला खरं सापडलं, आणि त्याचं काय करायचं ते त्याला उमगेना. गावात बोलायला जावं असं एक घर होतं, त्याला उद्या कुलूप लागणार होतं.

धम्मरत्ननं मोबाइल काढला. "चाचा, नव्या शाफ्टचे किती झाले?"

जनकाबाईंनी त्याचा हात खाली केला. कमरेची पिशवी सोडली. उरलेल्या तेलाचे कलीमनं दिलेले पैसे होते. काळे ठिपके पडलेल्या बोटांनी त्यांनी एकेक नोट मिस्त्रीच्या पाटावर ठेवली.

"गाडी म्या खराब केली. पैसे म्याच देईन. पावती द्या, फकीरभाई. माह्या नावाची."

फकीर मोहम्मदनं आयुष्यात कुणाला पावती दिली नव्हती. त्यानं सायराची एक जुनी शाळेची वही शोधून काढली, कोरं पान फाडलं, पेन्सिलीला टोक केलं, आणि सावकाश लिहिलं : जनकाबाई भाऊराव गवई, यांच्याकडून. सगळे मिळाले.

मग खाली 'बाकी' लिहून त्यापुढं शून्य काढलं, आणि कागद त्यांच्या हातात दिला.